थर्ड पार्टी नको

आमच्या टेम्पोत पुढे दोनच माणसं बसायची. उजवीकडे हे आणि डावीकडे मी. मधे इंजिनाचा उंचवटा होता, तो तापायचा म्हणून त्यावर मी जुन्या सतरंजीची घडी घातली होती. माझ्या बाजूचं दार नीट लागत नसे. हे माझ्यासमोरून हात घालून ते जोरात ओढायचे आणि म्हणायचे, "धर गं, वळण आलं." मी दाराची कडी धरायची. असं मी पावणेदोन वर्षं बसले. आता तिथे बसत नाही. ते का, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरात विचारणारंही कोणी नाही. मुलीच्या जुन्या वहीत बरीच कोरी पानं उरली आहेत, त्यांत लिहून ठेवते.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावर राहतो. खोली एक आणि माणसं सहा. सासूबाई, धाकटे दीर, दोन मुलं, आणि आम्ही. यांची गिरणी बंद पडली तेव्हा यांनी एका ओळखीच्या माणसाकडे सोफे बनवण्याचं काम शिकून घेतलं. लाकडी सांगाडा, पट्ट्या, काथ्या, फोम, सगळं यांच्या हातचं. मला शिवण येत होतं, म्हणून कव्हरं माझ्याकडे आली. पुढे खाली नाक्याजवळ एक गाळा भाड्याने घेतला आणि मग तो जुना टेम्पो.

सोफा पोचवायला मी बरोबर जायची. घरातल्या बाईला कव्हर कसं हवं, झालर किती, धुवायला काढता येईल का, हे ती पुरुषाशी बोलत नाही, माझ्याशी बोलायची. तिथेच माप घ्यायचं, तिथेच चढवून बघायचं, एखादी शिवण ताणली असेल तर बसल्या जागी उसवून परत घालायची. चौथीपर्यंत शिकले, पण मापं माझी कधी चुकली नाहीत.

खरं सांगायचं तर मापांसाठी मी जात नव्हते. मला ती जागा हवी होती. खोलीत यांच्याशी बोलायचं म्हणजे, "मीठ कमी आहे का?" "तेल संपलं." एवढंच. दुसरं काही बोललं तर बाकीचे चार जण ऐकणार. टेम्पोत हे वेगळेच असायचे. इंजिनाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागे. मी, जिचा आवाज नळावरच्या बायकांनीसुद्धा धड ऐकला नव्हता, ती आग्रा रोडवर भांडुपजवळ ओरडून सांगायची, "अहो, पुढे खड्डा!" हे हसायचे. लहानपणी हे मालवणच्या खाडीत होडीतून पडले होते, ते यांनी मला तिथे सांगितलं. गिरणीतल्या मित्रांच्या आठवणी तिथे सांगितल्या. गिरणीचं नाव निघालं की यांचा आवाज बसायचा, तोही मी तिथेच ऐकला. अंधेरीला जाताना साकीनाक्याला गाडी अडकली की मला बरं वाटायचं. बाकी सगळे हॉर्न वाजवत असायचे. मी मनात म्हणायची, अजून थोडा वेळ अडकू दे.

आता त्या शब्दाचं सांगते.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पार्टी म्हणतात. "मुलुंडची पार्टी आली होती." "अंधेरीच्या पार्टीला हिरवा रंग नको." तेव्हा आमच्या दोन मोठ्या पार्ट्या होत्या. मुलुंडचं एक दुकान आणि अंधेरीला फ्लॅट सजवून देणारे एक गृहस्थ. त्या महिन्यात बोरिवलीचा एक दुकानदार यांच्या मागे लागला होता, आमचंही काम घ्या म्हणून. रोज जेवताना त्याचाच विषय. मला ते नको होतं. यांची कंबर आधीच धरली होती. सकाळी उठताना भिंतीला हात लावून उठायचे.

त्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. हे हात धुऊन आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "अगं, काय करू? थर्ड पार्टी घेऊ की फुल करू?"

मी मान वर केली नाही. हे मला कधी असं विचारत नसत. मला वाटलं, तिसरी पार्टी घेऊ का, की आहे त्याच दोन पार्ट्यांचं काम फुल करू, असं विचारतायत. थर्ड म्हणजे तिसरा, एवढं मला येत होतं.

मी म्हटलं, "थर्ड पार्टी नको."

"नको?"

"नको. आहे तेच फुल करा. माणसाने झेपेल तेवढंच घ्यावं."

"फुलला पैसे जास्त जातात हां."

मला वाटलं, दोन पार्ट्यांचं काम वाढलं की फोम, काथ्या जास्त आणावा लागेल, तेच म्हणतायत. मी म्हटलं, "जाऊ देत. जिवाला त्रास नको."

हे खूश झाले. सासूबाईंना म्हणाले, "बघ आये, हिका कळता. मी उगाच दोन दिवस डोका खाजवतंय."

सासूबाई म्हणाल्या, "कळता तर. मगे भाकरी कित्या करपता?"

भाकरी खरंच करपली होती. पण मला त्या दिवशी फार छान वाटलं. मला विचारलं, मी सांगितलं, आणि ते चाललं.

चार-पाच दिवसांनी आम्ही मुलुंडहून परत आलो. गाळ्यासमोर एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. विम्याचे एजंट. हे आधी उतरले, मग मी उतरले, हातात टेप आणि कव्हरांची पिशवी. त्यांनी टेम्पोला एक फेरी मारली, टायर बघितले, नंबर लिहून घेतला. मी गाळ्यात शिरून माशिनीच्या मागे बसले होते.

"काय आहे शेठ," ते म्हणाले, "थर्ड पार्टीचा कागद खिडकीवर मिळतो, कोणी गाडी बघायला येत नाही. फुल करायचं तर मला सगळं विचारावं लागतं. आगीत, चोरीत, अपघातात तुमच्या गाडीचं कंपनी भरून देणार, मग गाडीत काय जातं, कोण बसतं, सगळं लिहायला लागतं."

"माल जातो. सोफा, खुर्च्या."

"आणि वहिनी?"

हे म्हणाले, "ती येते बरोबर. कव्हरं चढवायला."

"रोज?"

"आठवड्यातून तीनदा, चारदा."

एजंटनी लिहिणं थांबवलं. मग समजावून सांगितलं. हा मालाचा टेम्पो आहे. यात ड्रायव्हर चालतो, माल चढवणारा हमाल चालतो, त्यांचे थोडे जास्त पैसे भरले की त्यांना काही झालं तर कंपनी बघते. पण घरचं माणूस चालत नाही. बायको, पोरं, पाहुणे, कोणी नाही. "उद्या देव न करो काही झालं, तर वहिनींचं कंपनी काही देणार नाही. वर माणसं भरली म्हणून गाडीच्या क्लेमला अडवतील ते वेगळं."

हे माशिनीकडे बघत होते. मी सुईत दोरा ओवत होते.

एजंट मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "एक करता येईल. वहिनी काम करतातच ना तुमच्याकडे? हमाल-कामगार म्हणून एक माणूस लिहू. त्या जागी वहिनी."

हे हसले. "हमाल?"

"कागदावर हो. तसा रकानाच आहे, त्याला मी काय करू?"

मला वाटलं, लिहा की. हमाल लिहा, वेठबिगार लिहा, काय हवं ते लिहा. मी रोज दोन हंडे घेऊन टेकडी चढते, एका कागदाने मला काय होणार होतं? पण मी बोलले नाही. मला वाटलं, हे बोलतील.

हे म्हणाले, "आईला विचारतो."

दुसऱ्या दिवशी एजंट सही घ्यायला खोलीवर आले. सासूबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या गावाचं नाव विचारलं, मग सुरू झाल्या.

"माझ्या सुनेक हमाल लिवतलात?"

"आजी, फक्त कागदावर."

"कागदार लिवलेला पुसतलो कोण? उद्या माझ्या नातीचा लगीन जमताला. समोरचो विचारीत, आवस काय करता? तर म्हणे हमाल! गाडी बघूक इलात की माझ्या घराचा नाव घालवूक?"

"अहो, कोणी वाचत नाही ते."

"वाचत नाय तर लिवतास कित्याक?"

दीर भिंतीकडे तोंड करून हसत होते. माझ्या सासूबाई लग्नाआधी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन दोन कोस चालत बाजाराला जायच्या, हे त्यांनीच मला सांगितलंय. पण तेव्हा ते कोणी लिहून घेतलं नव्हतं.

हे आईकडून माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "मग तू राहू दे आता. कव्हरं मी चढवीन. तुला वाटेत काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

हे मायेने म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी कदाचित काही बोलले असते.

मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "बरं."

हमालाच्या रकान्यात आमच्याच चाळीतले एक मामा आले. पन्नाशीचे, भाजीबाजारात गोणी वाहून पाठ घासलेले, सज्जन माणूस. यांच्या कंबरेलाही ते बरंच झालं. पहिल्या दिवशी ते माझ्या जागेवर बसले तेव्हा हे गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत नव्हते, दार ओढत होते. मामांच्या समोरून हात घालून. तेवढं बघून मी आत आले.

त्यानंतर बोरिवलीची पार्टीसुद्धा आली. मी म्हटलं, "नको म्हटलं होतं ना?" हे म्हणाले, "कधी?" तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं काहीतरी चुकलंय. पण काय, ते कळलं नाही.

दिवस कसे गेले ते काय सांगू. माशीन खोलीवर आणली, कव्हरं घरातच शिवायची, घडी करून पिशवीत द्यायची. कुठल्या घरात गेली, त्या बाईला आवडली का, काही कळायचं नाही. हे संध्याकाळी येऊन सांगायचे, "बसली बरोबर." झालं. दोन शब्द. टेम्पोत असते तर त्या घराचा जिना, तिथली बाई, तिचं बोलणं, तिने दिलेला चहा, सगळं आम्ही परत येताना दोघं मिळून पुन्हा बोललो असतो. मला माझी जागा आठवायची तेव्हा रस्ता आठवायचा नाही, परत येतानाचं ते बोलणं आठवायचं. कधी कधी मी माशीन चालवताना मनात ओरडून बोलायची. मुलगी विचारायची, "आई, ओठ का हलवतेस?"

मग मे महिन्यात एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि गाळ्यासमोरच्या झाडाची मोठी फांदी उभ्या टेम्पोवर पडली. आत कोणी नव्हतं. हे आणि मामा गाळ्यात जेवत होते. केबिनचं छत बसलं, काच गेली, डावीकडचं दार तर उरलंच नाही. हे डोक्याला हात लावून फुटपाथवर बसले. गाडी नाही म्हणजे तिन्ही पार्ट्या बंद.

पण फुल होतं. कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला, कागद झाले, थोड्या खेपा झाल्या, आणि टेम्पो दुरुस्त होऊन आला. त्या दिवशी एजंट पेढे खायला घरी आले. शेजारचे दोघं-तिघंही होते. एजंट सगळ्यांसमोर म्हणाले, "शेठ, वहिनींचे आभार माना. त्यांनी थर्ड पार्टी नको म्हटलं म्हणून वाचलात. नाहीतर आज गाडी भंगारात."

शेजारच्याने विचारलं, "म्हणजे काय असतं ते?"

"थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. तुमची गाडी दुसऱ्या कोणाला लागली, त्याचं नुकसान झालं, तर त्याला कंपनी देते. तुमचं स्वतःचं काही नाही. मालक एक, कंपनी दोन, आणि रस्त्यावरचा तो तिसरा."

मी पेढ्यांची ताटली धरून दारात उभी होते. तेव्हा मला कळलं मी काय बोलले होते. आणि मी ते बोलले नसते, तर हे खिडकीवर जाऊन साधा कागद घेऊन आले असते, कोणी गाडी बघायला आलं नसतं, कोणी विचारलं नसतं, आणि मी बसत राहिले असते. माझी जागा दुसऱ्या कोणी काढून घेतली नव्हती. मीच भाकरी थापता थापता देऊन टाकली होती. आणि आता सगळे मला शहाणी म्हणत होते. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "गप ऱ्हवता, पण डोक्यान चलता."

मी एजंटना विचारलं, कसं काय विचारलं कोण जाणे, "मी रस्त्यात उभी असले आणि आमचाच टेम्पो मला लागला तर?"

सगळे हसले. एजंट म्हणाले, "तर तुम्ही तिऱ्हाईत वहिनी. कंपनी पैसे देईल."

"आणि आत बसले असले तर?"

"तर काही नाही."

हे माझ्याकडे बघत होते. बाकीच्यांना ते विनोदाचं वाटलं.

वर्ष भरलं तेव्हा एजंट पुन्हा कागद घेऊन आले. सासूबाई त्या वेळी गावी गेल्या होत्या. मी आदल्या दिवसापासून एकच वाक्य घोकत होते. एजंट लिहायला बसले, "तेच ना? फुल, ड्रायव्हर आणि एक हमाल?" आणि मी चहा खाली ठेवता ठेवता म्हटलं, "दोन हमाल लिहिता येतात का?"

"येतात की. का? अजून एक माणूस ठेवताय?"

यांना काही कळेना. हे म्हणाले, "नाही बुवा."

एजंटनी कागद उलटून बघितला. "पण वहिनी, तुमच्या टेम्पोला पुढे ड्रायव्हर धरून दोनच माणसं पास आहेत. दुसरा हमाल बसणार कुठे? एकाला काढलात तर गोष्ट वेगळी."

मामांना काढायचं? त्यांचं घर त्यावर चालत होतं. यांच्याने आता सोफ्याचं एक टोकही एकट्याने उचलवत नव्हतं. मी म्हटलं, "नाही, असंच विचारलं."

एजंट गेले. हे त्यांना सोडायला खाली उतरले. त्यांचा पेन चटईवर राहिला होता, तो घेऊन मी मागोमाग धावले. पण तोवर ते गेले होते, आणि हे एकटेच जिना चढून येत होते. आमच्या जिन्यात मधल्या वळणावर अंधार असतो. तिथे हे थांबले.

"दुसरा हमाल कोण?" यांनी विचारलं.

मी पेनाचं टोपण काढत, घालत राहिले.

"तू?"

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही थर्ड पार्टी घेऊ का विचारलंत ना, मला वाटलं बोरिवलीची पार्टी."

हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. एवढे हसले की कठड्याला धरावं लागलं. "बोरिवलीची पार्टी! अगं, आणि मी गावभर सांगतोय, बायकोने सल्ला दिला म्हणून!" डोळे पुसले, पुन्हा हसले. मीही हसले. टेम्पोतली जागा गेल्यापासून आम्ही दोघंच असे हसलो नव्हतो.

मग यांचं हसणं हळूहळू थांबलं.

"म्हणजे कळलं असतं तर तू थर्ड पार्टीच घ्या म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणजे कोणी बघायला आलं नसतं. तू येत राहिली असतीस."

"हो."

"आणि ती फांदी? गाडी गेली असती. धंदा बसला असता."

"बसला असता."

"तरी?"

तरी, असं मनात होतं. पण दोन मुलं होती, सासूबाई होत्या, मामांचं घर होतं. तरी, असं म्हणायला मला तोंड नव्हतं. मी म्हटलं, "सही केलीत ना? फुलवर?"

"केली."

"मग झालं तर."

हे म्हणाले, "सांगायचं होतंस गं."

"कुठे सांगणार होते?"

खालून कोणी बाई भरलेली कळशी घेऊन चढत येत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. जिना अरुंद. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहिलो, तिला वाट दिली. यांचा दंड माझ्या दंडाला लागला होता. बाई वर गेली, तरी हे लगेच बाजूला झाले नाहीत. मीही झाले नाही. मग वरून धाकट्या मुलाने हाक मारली, आणि हे म्हणाले, "चल," आणि मी पुढे झाले.